गाडीला तेल पाजताना

लिफ्टवर चढवलेली गाडी खालून पाहिली की ओळखू येत नाही. वर्षभर धुऊन-पुसून जपलेला तिचा निळा रंग वर कुठेतरी राहतो आणि आपल्या डोक्यावर येतं ते नळ्या, सांधे, बोल्ट आणि पोकळ पट्ट्यांचं करडं छत. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा आहे. टोरांटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनमधल्या एका छोट्या गॅरेजात मी मान वर करून उभा आहे. शेजारी पाजी. मूळचे जालंधरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ते त्या छतावर ठोकत ठोकत पुढे सरकतात. कुंभाराकडून मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो, तसं. आवाज खणखणीत आला की पुढे जायचं, बद्द आला की थांबायचं.

मागच्या चाकाशी ते थांबले. तारेचा ब्रश फिरवला. तांबूस पापुद्रे त्यांच्या बाहीवर पडले आणि आतला निरोगी पत्रा दिसला.

"वरवरचा आहे," ते हिंदीत म्हणाले. "आता इथं पोटभर तेल पाजू."

तेल पाजणं हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की मला घर आठवतं. माझं बालपण रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात गेलं. मृगाच्या आधी, आगोटीच्या दिवसांत, घरात धान्य-लाकडं भरून व्हायची आणि मग वडील लोखंडाकडे वळायचे. कोयता, विळा, पहार, कुदळ यांना तेलाचं फडकं. फाटकाच्या बिजागऱ्यांना आणि पंपाच्या नटांना जळकं ऑईल. "पाऊस आल्यावर लावून काय उपयोग, आत्ता कोरडं आहे तोवर पाजायचं," असं ते म्हणत. खारं वारं खिडकीचे गज कसे खातं हे त्या गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ओंटारिओतली आगोट ऑक्टोबरात येते. तिथं मीठ वाऱ्यातून यायचं, इथं ते ट्रकमधून येतं.

हे मीठ येतं कुठून, तेही सांगायला हवं. इथून पश्चिमेला, ह्युरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच नावाचं गाव आहे. १८६६ साली तिथं खनिज तेलाच्या शोधात जमिनीत भोक पाडलं आणि लागलं मीठ. १९५९पासून तिथं खाण चालू आहे, सरोवराच्या तळाखाली, सुमारे ५५० मीटर खोल. जमिनीखालच्या मिठाच्या खाणींमध्ये ती जगातली सर्वांत मोठी मानली जाते. चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटून गेलेल्या समुद्राचं ते मीठ. हिवाळ्यात ते ट्रकांत भरून रस्त्यांवर पसरतात. कॅनडात दर वर्षी सुमारे ५० लाख टन. त्यामुळे बर्फ वितळतं, चाकं रस्ता धरतात, माणसं घरी सुखरूप पोहोचतात. त्या मिठाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याची किंमत गाडीचा तळ मोजतो.

गंज धरायला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढंच पुरतं. मीठ त्यात घाई करतं. साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात विजेच्या बारीक प्रवाहाचीच क्रिया आहे. शिवाय मीठ त्यात खर्ची पडत नाही. सांध्यात बसलेला एक खडा आपलं काम करून पुन्हा कामाला मोकळाच असतो. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसं चालत नाही, म्हणून कडक थंडीत त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. टोरांटोत तर मिठाच्या पाण्यात बीटचा रस घालूनही फवारतात. ही क्लोराइडं हवेतली ओल ओढून घेतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. कॅल्शियम क्लोराइडला ३० टक्के पुरतात. म्हणजे गाडी वरून कोरडी ठणठणीत दिसत असली तरी तिच्या पोटाला दिवसचे दिवस ओलं फडकं बांधल्यासारखं असतं.

हे सगळं मला इथं आल्या आल्या माहीत नव्हतं. पहिली गाडी घेतली ती जुनी, आठ वर्षांची. विकणाऱ्यानं तळाला जाड, काळं, डांबरासारखं कोटिंग मारून दिलं होतं. किती निगा राखलीय, असं वाटून मी निर्धास्त झालो. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी एका पार्किंगमध्ये ब्रेकवर पाय दिला आणि पेडल मऊ लागत थेट खाली गेलं. गाडी अगदी हळू होती, समोर बर्फाचा ढीग होता, म्हणून निभावलं. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. ब्रेकची नळी गंजून फुटली होती. गॅरेजवाल्यानं गाडी वर घेतली, ते काळं कोटिंग खरवडलं, तर ते साबुदाण्याच्या पापडासारखं तुकड्या-तुकड्यांनी सुटलं. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला. तो चॅसिसच्या पट्टीत मुठीपर्यंत आत गेला. पत्रा उरलाच नव्हता. कोटिंगच्या आत गंजाची पोळी होती.

जाड कोटिंगचा दोष तिथंच आहे. नव्या, कोऱ्या पत्र्यावर ते नीट बसतं. पण वर्ष-दोन वर्षांत खड्यांच्या माऱ्यानं त्याला बारीक तडा जातो, तिथून खारं पाणी आत शिरतं आणि मग तेच कोटिंग त्या पाण्याला बाहेर पडू देत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो, कोटिंगला आतून उचलतो, आणि बाहेरून सगळं काळंभोर, ठीकठाक दिसत राहतं. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्यानं २०१५ साली मिठाच्या प्रदेशांतल्या गाडीमालकांना जाहीर सल्ला दिला होता की गाडीचा तळ नियमित धुवा आणि २००७ किंवा त्याआधीच्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. तो मी वाचला गाडी भंगारात गेल्यावर.

पाजींकडे येऊ लागलो ते तेव्हापासून.

त्यांची पहिली अट असते की गाडी दोन दिवस आधी खालून धुतलेली आणि पूर्ण सुकलेली हवी. ओल्या पत्र्यावर तेल मारलं तर ओल आतच राहते. लिफ्टवर घेतल्यावर ते आधी खालची प्लॅस्टिकची आवरणं काढतात. त्यांच्या आडोशाला वर्षभराची पानं, चिखल, खडी साचलेली असते. यंदा माझ्या पुढच्या मडगार्डच्या आत मूठभर चिखल निघाला, अजून ओला. "उन्हाळाभर हा इथं पाणी धरून बसला होता," पाजी म्हणाले आणि तो बोटांनी कोरून काढला. मग ठोकून बघणं, ब्रश मारणं, कॉम्प्रेसरच्या हवेनं कानाकोपरा झाडणं. इतकं झाल्यावरच तेलाच्या पिंपाला हात लागतो.

तेल पातळ असतं, मधाच्या रंगाचं. काही गॅरेजांत लॅनोलिनचं मिश्रण वापरतात, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारा चिकट मेणासारखा पदार्थ. पाजी खनिज तेलाचं वापरतात, त्यात गंजरोधक द्रव्यं मिसळलेली असतात. गंज जिथून सुरू होतो ती जागा सहसा डोळ्याला दिसत नाही. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्डिंग केलेला सांधा, दाराखालची पोकळ पट्टी, दाराची खालची दुमड. ब्रश तिथं पोहोचत नाही, जाड कोटिंग पोहोचत नाही. पातळ तेल पोहोचतं. दिव्याच्या वातीत तेल जसं आपोआप वर चढतं, तसं ते पत्र्यांच्या फटीत स्वतःहून सरकत जातं आणि तिथल्या ओलीला हटवून तिची जागा घेतं. ते कधी वाळत नाही, त्यामुळे त्याला तडाही जात नाही. खड्यानं ओरखडा काढला तर आजूबाजूचं तेल हळूहळू पुन्हा तिथं येतं.

दाराखालच्या पट्टीतली रबरी बुचं पाजी एकेक काढतात आणि त्या भोकातून लांब, लवचिक नळी आत सरकवतात. नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारा उडवणारं तोंड असतं. नळी पार टोकापर्यंत घालायची आणि फवारत फवारत मागे ओढायची. बाहेर काहीच दिसत नाही, फक्त फुसफुस ऐकू येते. मग पाणी निचरायच्या छिद्रांतून तेलाचा पहिला थेंब खाली पडतो. पाजी तो पडेपर्यंत थांबतात. पडला नाही तर छिद्र मातीनं बुजलेलं असतं आणि तार घालून ते मोकळं करावं लागतं.

त्यानंतर ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या. त्या जिथं पकडीत बसवलेल्या असतात तिथं ओल अडकते, म्हणून प्रत्येक पकडीवर थांबून. टाकीचे पट्टे. मागच्या चाकांचा दांडा. बोल्टांचे आटे, म्हणजे पुढं कधी खोलायची वेळ आली तर पान्यानं सुटतील, कापावे लागणार नाहीत. काही जागा मात्र ते कापडानं झाकून ठेवतात. ब्रेकच्या चकत्यांवर तेलाचा शिंतोडा पडता कामा नये. सायलेन्सरवर पडलं तर तापल्यावर धूर आणि वास. खनिज तेलानं काही रबर फुगतं, म्हणून रबरी बुशांपासूनही जपायचं. पाऊण तासात काम होतं. शेवटी बुचं परत बसवताना ते मोजतात. एक जरी राहिलं तरी तिथून खारं पाणी आत.

पाजींनी मला फवारणीइतकंच हिवाळ्यातलं वागणंही शिकवलं. पारा शून्याच्या खूप खाली असतो तेव्हा गंज मंदावतो. धोक्याचे दिवस शून्याच्या आसपासचे, जेव्हा रस्त्यावर खारा चिखल होतो. मिठानं माखलेली गाडी रोज गरम गॅरेजात उभी करणं तर आणखी वाईट, कारण बर्फ वितळतं, पत्रा ओला आणि उबदार राहतो. अशा दिवसांनंतर पारा जरा चढला की गाडी खालून धुऊन आणायची. साध्या दाबाच्या पाण्यानं, कारण गरम पाण्याचा जोरदार झोत तेलही घेऊन जातो. मार्च-एप्रिलमध्ये शेवटचं मीठ पडून गेलं की मी बागेतला पाण्याचा कारंजा गाडीखाली सरकवून अर्धा-अर्धा तास सोडतो, आधी पुढं, मग मागं. खालून वाहणारं पाणी सुरुवातीला राखाडी असतं. ते स्वच्छ होईपर्यंत थांबतो. आणि ऑक्टोबरात पुन्हा पाजी. एकदा करून सुटलो, असं यात होत नाही. तेल हळूहळू धुऊन जातं, म्हणून ते दर वर्षी पाजायचं.

ही गाडी आता अकरा वर्षांची झाली. यंदा ठोकून झाल्यावर मी पाजींना म्हटलं, "मलाही एकदा बघू द्या." त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. जुन्या गाडीत जिथं तो मुठीपर्यंत घुसला होता, त्याच जागी मी मूठ आपटली. खण्ण. पुन्हा आपटली. पाजी काही बोलले नाहीत, फक्त मान हलवून पुढच्या बुचाकडे वळले.

तेल दोन दिवस ठिबकत राहतं. त्या रात्री गाडीखाली पुठ्ठे अंथरले, म्हणजे ते अंगणातून गटारात जाऊ नये. सकाळी पुठ्ठ्यावर मधाच्या रंगाचे डाग होते, दाराखालच्या प्रत्येक छिद्राच्या बरोबर खाली एकेक. मी वाकून मोजले. सगळे होते.