कोरड्या कुरळ्या केसांना कोणते तेल?

केसांची निगा : लेखांक ६

तेल केसाला ओलावा देत नाही, असलेला ओलावा टिकवते. कोरड्या, कुरळ्या केसांसाठी तेल निवडताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका हा फरक लक्षात न आल्यामुळे होतात. ओलावा म्हणजे पाणी. केसाला ते न्हाताना, कंडिशनरमधून आणि हवेतल्या दमटपणातून मिळते. तेलात पाणी जवळजवळ नसतेच. तरीही तेल लावल्यावर केस मऊ लागतात, कारण तेलाने केसाचा खडबडीतपणा झाकला जातो, केसाला केस घासणे कमी होते आणि आतले पाणी उडून जाण्याचा वेग मंदावतो. कोरड्या केसाला नुसते तेल चोपडले, तर तो तेलकट कोरडा केस होतो. म्हणून तेलाची निवड करताना दोन प्रश्न विचारायचे असतात : या तेलाकडून कोणते काम हवे आहे, आणि आपला केस कसा आहे?

कुरळा केस लवकर कोरडा का पडतो

डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्याचा गाभा केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्याभोवती पारदर्शक खवल्यांचे थर असतात. कौलारू छपरावर कौले बसवावीत तसे हे खवले एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. सर्वांत वरच्या खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर जन्मतःच असतो. निरोगी केसावरून पाणी ओघळते ते या थरामुळे. ब्लीच, रंग आणि केस सरळ करण्याची रसायने हा थर काढून टाकतात. तो केसाला पुन्हा येत नाही, नवा केस उगवला तरच मिळतो.

टाळूतल्या ग्रंथी स्वतःचे तेल तयार करतात. सरळ केसावरून ते सहज खाली उतरते आणि विंचरताना टोकापर्यंत पसरते. कुरळ्या केसात मात्र प्रत्येक वळणावर त्याची वाट अडते. त्यामुळे मुळे तेलकट आणि टोके रखरखीत अशी स्थिती कुरळे केस असलेल्या अनेकांच्या परिचयाची असते. शिवाय कुरळ्या केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. पीळ जितका घट्ट, तितके वळणाच्या जागी खवले उचललेले राहतात. तिथून पाणी लवकर आत शिरते, तितक्याच लवकर बाहेर पडते आणि केस तुटतोही तिथेच. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे घट्ट पिळाचे केस याच कारणाने सर्वांत जपावे लागतात. लाटदार आणि कुरळ्या भारतीय केसांना हाच त्रास कमी प्रमाणात होतो.

आत शिरणारे तेल : खोबरेल

तेलांची विभागणी त्यांच्या कामावरून केली की निवड सोपी होते. काही तेल केसाच्या आत शिरते, काही पातळ थर धरून वर राहते आणि काही जाड लेप देते.

पहिल्या गटात खोबरेल अग्रभागी आहे. त्यातील मेदाम्लांपैकी जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. या आम्लाचा रेणू लहान, सरळ साखळीचा असतो आणि केसातल्या प्रथिनांशी त्याची जवळीक असते. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. न्हाण्यापूर्वी किंवा नंतर लावल्यावर केसातून होणारी प्रथिनांची गळती तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. ही कंपनी खोबरेल विकते, हे हा निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावे. मात्र त्यामागचा रासायनिक तर्क पक्का आहे. सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलिक आम्लाची साखळी दुहेरी बंधांमुळे वाकलेली आणि पसरट असते, तर खनिज तेल हे निव्वळ हायड्रोकार्बन असल्याने त्याची प्रथिनांशी जवळीक नसते.

या गुणाचा खरा उपयोग न्हाण्यापूर्वी होतो. पाण्यात केस फुगतो आणि वाळताना आकसतो. वारंवार होणाऱ्या या फुगण्या-आकसण्याने खवले सैल होतात. आधी आत मुरलेले खोबरेल पाण्याचा शिरकाव कमी करते आणि शाम्पूमुळे होणारी झीजही घटवते. डोके धुण्यापूर्वी काही तास किंवा आदल्या रात्री केसाच्या लांबीला तेल लावण्याच्या आपल्याकडच्या जुन्या रीतीला असा आधार आहे.

खोबरेल सर्वांना मानवतेच असे नाही. काहींचे केस त्याने ताठर आणि राठ होतात, विशेषतः ते रोज लावले आणि नीट धुतले नाही तर. दोन-तीन वेळा तसा अनुभव आला, तर ते न्हाण्यापूर्वीच्या वापरापुरते ठेवावे किंवा दुसरे तेल निवडावे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. थिजलेली बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरते, तेल गॅसवर कढवण्याची गरज नसते.

वर राहणारी हलकी तेले

न्हाल्यानंतर ओल्या केसावर लावायला हलके तेल लागते. बदाम तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते. ते पातळ असून सहज पसरते. तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलिक ही दोन आम्ले साधारण सारख्या प्रमाणात असतात. महाराष्ट्रात अभ्यंगासाठी ते पूर्वीपासून वापरात आहे. मात्र केसांसाठी कच्च्या तिळाचेच तेल घ्यावे, भाजलेल्या तिळाच्या तेलाचा उग्र वास दिवसभर केसांत राहतो. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात होणाऱ्या करडईचे तेलही हलके असते, पण त्यात लिनोलिक आम्ल जास्त असल्याने ते लवकर खवट होते.

आर्गन तेल मोरोक्कोच्या नैर्ऋत्य भागातल्या आर्गनच्या झाडाच्या बियांपासून मिळते. हे जंगल १९९८ पासून युनेस्कोचे जैवावरण राखीव क्षेत्र आहे. तिथल्या अमाझिग स्त्रिया कठीण कवचाच्या बिया दगडाने फोडून, गर दळून तेल काढत आल्या आहेत आणि २०१४ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. काम इतके कष्टाचे असल्याने खरे आर्गन तेल स्वस्त मिळत नाही. स्वस्त बाटलीत ते बहुधा सिलिकोनमध्ये मिसळलेले थोडेसे असते. सिलिकोनही केसाचे घर्षण कमी करते, त्यामुळे अशी बाटली निरुपयोगी नसते, पण किंमत देताना आपण काय विकत घेतो आहोत ते माहीत असावे.

जोजोबाला तेल म्हणतात, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते द्रवरूप मेण आहे. टाळूच्या नैसर्गिक तेलातही असे मेण काही प्रमाणात असते. जोजोबा खूप टिकते, लवकर खवट होत नाही आणि केसावर जड बसत नाही. बारीक पोताच्या कुरळ्या केसांसाठी ते उत्तम.

जाड लेप देणारी तेले

एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते. त्यामुळे ते खाण्याच्या इतर तेलांपेक्षा कितीतरी दाट असते. जमैकात एरंडीच्या बिया भाजून काढलेले काळसर एरंडेल घट्ट पिळाच्या केसांना लावतात. टोकांवर त्याचा लेप चांगला बसतो. मात्र एरंडेलाने केस वाढतात, या समजुतीला भक्कम पुरावा नाही. ते एकटे, भरपूर आणि लांब केसांना कधीच लावू नये. खोबरेल आणि एरंडेल लावून न्हाल्यानंतर एका तरुणीचे लांब केस क्षणात एकमेकांत रुतून दगडासारखा गठ्ठा झाला, असे उदाहरण भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये नोंदवले आहे. तो गुंता सुटला नाही, केस कापावे लागले. असे क्वचितच घडते, पण चार भाग हलक्या तेलात एक भाग एरंडेल हे प्रमाण पाळलेले बरे.

पश्चिम आफ्रिकेतील शिया आणि कोकणातील कोकम तेल या गटातली दोन सख्खी भावंडे म्हणता येतील. दोन्हींत स्टिअरिक आणि ओलेइक आम्ले मुख्य असतात आणि दोन्ही साध्या तापमानाला घट्ट असतात. कोकमाच्या बियांचे तेल वड्या किंवा गोळे करून ठेवतात. कोकणात ते भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांना लावले जाते. केसांच्या फाटे फुटलेल्या टोकांनाही ते चालते. वाटाण्याएवढा तुकडा तळहातावर चोळून पातळ करायचा आणि फक्त टोकांना पुसायचा. शियापेक्षा ते कडक असल्याने आधी नीट वितळवावे लागते.

काही तेले मात्र केसांपासून दूर ठेवावीत. जवसाचे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते. लाकडाला चकाकी देण्यासाठी ते वापरतात ते याच गुणामुळे. केसांसाठी जवस वापरायचाच, तर बिया पाण्यात उकळून गाळलेला बुळबुळीत चीक घ्यावा. कुरळ्या बटा जागच्या जागी धरायला तो चांगला. लव्हेंडर, रोझमेरी यांसारखी सुगंधी अर्क-तेले कधीही थेट टाळूवर लावू नयेत. त्यांनी त्वचेला आग होऊ शकते.

केस ओळखणे आणि हवा पाहणे

केस किती कुरळा आहे यापेक्षा तो पाणी कसा धरतो, यावरून तेल ठरवणे अधिक अचूक. ओळखायची सोपी रीत अशी : न्हाताना केस भिजायला वेळ लागतो आणि मग तासन्‌तास ओला राहतो, तर त्याचे खवले घट्ट मिटलेले आहेत. त्याला जोजोबा, बदाम यांसारखे हलके तेल थोडेच लावावे, कारण जाड तेल त्याच्यावर नुसते साचते. केस लगेच भिजतो आणि लगेच वाळून राठ होतो, तर खवले उघडे आहेत. रंगवलेले, सरळ केलेले किंवा उन्हाने भाजलेले केस बहुधा असेच असतात. त्यांना न्हाण्यापूर्वी खोबरेल आणि नंतर थोडे दाट तेल उपयोगी पडते. केसाची जाडीही पाहावी. अंगठा आणि तर्जनीत केस धरून जाणवतच नसेल, तर तो बारीक आणि जाड तेल त्याला झेपणार नाही.

हवेनुसार तेलाचे काम बदलते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवेतले पाणी केसात शिरते, केस फुगतो आणि पिंजारतो. अशा वेळी पातळ थराचे तेल बाहेरचा दमटपणा थोडा रोखते. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट घडते : कोरडी हवा केसातले पाणी ओढून घेते, म्हणून टोकांना दाट तेलाची जोड लागते आणि बाहेर पडताना रुमाल बांधणे तेलाइतकेच महत्त्वाचे ठरते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतात. हा त्रास तेल वाढवून जात नाही. शेवटचे पाणी तरी साधे, कमी क्षाराचे घ्यावे लागते.

लावण्याची रीत

क्रम चुकला की चांगले तेलही वाया जाते. न्हाण्यापूर्वी केस चार भागांत वाटून लांबीला आणि टोकांना तेल लावावे. सौम्य शाम्पू फक्त टाळूला चोळावा, फेस खाली वाहताना केसाची लांबी धुतली जाते. मग कंडिशनर लावून विरळ दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवावा. न्हाल्यावर केस टॉवेलने न रगडता जुन्या सुती पंचाने टिपून घ्यावेत. केस ओलसर असतानाच खांद्यापर्यंतच्या लांबीला हलक्या तेलाचे तीन ते पाच थेंब पुरतात. तेल तळहातांवर पसरून खालच्या अर्ध्या भागाला लावावे आणि बटा मुठीत हलकेच दाबाव्यात. घट्ट पिळाच्या, दाट केसांना याहून जास्त तेल लागते. आधी पाणी किंवा लावून ठेवायचे कंडिशनर, मग तेल, वर दाट क्रीम हा क्रम त्यांना मानवतो.

टाळूची गरज केसाहून वेगळी असते. कोंडा आणि खाज असेल, तर टाळूवर तेल थापू नये. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी टाळूवरच्या मेदावर जगते आणि तेलाने तिला खाद्यच मिळते. कपाळावर पुरळ येत असेल, तर तेल केसांच्या रेषेपासून दूर ठेवावे.

विकत घेताना

बाटलीच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी. घटक जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात. बदामाच्या किंवा आवळ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक हलक्या तेलांत पहिला घटक लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल असतो. ते निरुपद्रवी असते, वरून थरही धरते, पण आत शिरत नाही. खाद्यतेल म्हणून विकले जाणारे शुद्ध खोबरेल किंवा घाण्याचे तिळाचे तेल केसांना उत्तम चालते. तेल लहान बाटलीत घेऊन उजेडापासून आणि न्हाणीघराच्या वाफेपासून दूर ठेवावे. खवट वास आला की ते टाकून द्यावे.

नवे तेल घेतल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. त्रास झाला नाही, तर तीन-चार न्हाण्यांपर्यंत तेच एक तेल वापरावे आणि बाकी काही बदलू नये. केस वाळल्यावर मऊ राहतात का, विंचरताना कमी तुटतात का आणि दुसऱ्या दिवशीही बटा टिकतात का, या तीन गोष्टींवरून तेल मानवले की नाही ते कळते. केस झपाट्याने गळत असतील, टाळूवर चट्टे पडले असतील किंवा कोरडेपणा अचानक वाढला असेल, तर तेल बदलत बसू नये. थायरॉइडचा आजार किंवा लोहाची कमतरता अशी कारणे असू शकतात आणि ती त्वचारोगतज्ज्ञच शोधू शकतात.

(पुढील लेखांक : शाम्पू आणि कंडिशनर)