पुराव्याचे भाषांतर : गडचिरोली ते झाशी

मूळ संहितेची प्रतिष्ठा तिच्या भाषांतराला आपोआप लाभते काय, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. आरोग्यधोरणातही तो उद्भवतो. तेथे मात्र त्याच्या उत्तरावर नवजात अर्भकांचे जगणे अवलंबून असते.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला आणि त्याची तुलना अन्य ४७ गावांशी केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांत हजारी ५९.६, तर प्रयोगाच्या गावांत २५.५ होता. जंतुदोष झालेल्या अर्भकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. गावातलीच प्रशिक्षित आरोग्यसेविका घरी जाऊन बाळाला तपासत असे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत असे.

२००५ साली देशात ‘आशा’ योजना सुरू झाली आणि २०११ साली घरगुती नवजात शुश्रूषा तिच्या कार्यकक्षेत आली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा, घरातील प्रसूतीनंतर सात गृहभेटी ठरल्या. तथापि इंजेक्शन आशांच्या हाती दिले गेले नाही. लक्षणे ओळखून बाळाला रुग्णालयात पाठवणे हे प्रामुख्याने त्यांच्याकडे राहिले. २०१४ साली जेंटामायसिन देण्याची मुभा परिचारिकांना मिळाली, आशांना नव्हे. या निर्णयामागे सुरक्षिततेचा विचार असू शकेल. परंतु संहिता बदलली, हे निश्चित.

म्हणूनच झाशी जिल्ह्यातील योजनेचे समर्थन गडचिरोलीच्या आकड्यांनी करणे पुरेसे नाही. तेथे बाळ वाचणे हे रस्ता, वाहन, उघडे रुग्णालय आणि कुटुंबाची तयारी यांवरही अवलंबून आहे. शिवाय प्रशिक्षण प्रमाण हिंदीत झाले, तरी ‘बाळ दूध ओढत नाही’, ‘अंग गार लागते’ ही लक्षणे घरातली आई बुंदेलीतच सांगणार. तिचे शब्द आशाच्या नोंदवहीत कोणत्या रूपाने उतरतात, यावर निदान ठरते.

पुराव्याधिष्ठित धोरण म्हणजे एकदा सिद्ध झालेल्या निष्कर्षाचा सर्वत्र पुनरुच्चार नव्हे. जे वगळले व जे बदलले त्याची स्पष्ट नोंद करावी. गृहभेटींच्या संख्येबरोबर पाठवलेली किती बाळे रुग्णालयात पोहोचली आणि किती वाचली, हेही जिल्हावार मोजावे. भाषांतराची परीक्षा लक्ष्यभाषेतच व्हावी लागते. या योजनेची परीक्षाही झाशीच्याच खेड्यांत व्हावयास हवी.