मालक कोण?

दसरा झाला की बीड, अहिल्यानगरकडची बिऱ्हाडे आमच्या कृष्णाकाठी उतरू लागतात. कऱ्हाड, वाळवे, पलूस. जिथे ऊस तिथे त्यांच्या कोप्या. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. माणसांची मोजदादसुद्धा हत्याराने!

एकदा उसाच्या फडात मोळी बांधणाऱ्या बाईंना मी विचारले, “मावशी, तुमचा मालक कोण?”

त्यांनी ऊस तोडणाऱ्या नवऱ्याकडे बोट दाखवले. “त्ये काय मालक!”

मला हसू आले. पण खरे उत्तर शोधू लागलो तेव्हा ते मावळले. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाने उचल दिलेली. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा परराज्यांतून येणाऱ्यांसाठी होता. बीडहून आलेला त्यात बसलाच नाही.

मग कोपीपाशी पाणी, न्हाणीला आडोसा, गरोदर बाईला विसावा आणि पोरांना शाळा हे कोणी पाहायचे? साखरशाळा निघाल्या, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले, हे चांगलेच. पण दिवाळीला गाव सोडून पाडव्याच्या सुमारास परतणाऱ्या पोराचे वर्ष पुष्कळदा बुडतेच.

माझ्या मते हिशेब सोपा आहे. ज्याचे गाळप या कोयत्यावर चालते, तो मालक. उचल दिली म्हणजे जबाबदारी फिटली असे नव्हे. ती तिथून सुरू होते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे काका-मामा कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर एवढेही विचारायला त्यांना सांगा: यंदा कोप्यांपाशी नळ किती?