४९९ ची कुर्ती विकून हातात किती उरतं? ऑनलाइन रीसेलिंगमधल्या फी, जीएसटी आणि टीडीएसचा हिशोब

"घरबसल्या फोनवरून बिझनेस करा, माल २६० ला घ्या, ४९९ ला विका" अशी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. रीलमधला आकडा खोटा नसतो. २६० ची कुर्ती ४९९ ला खरंच विकली जाते. पण मधले २३९ रुपये तुमचे नसतात, आणि ते कुठे जातात हे रीलमध्ये सांगायला कुणाला वेळ नसतो. म्हणून आज एकच कुर्ती घेऊ आणि तिचा पैसा न पैसा मोजू.

आधी एक सूचना. खालच्या उदाहरणातले फीचे आकडे मी धरलेले आहेत. प्रत्येक ॲपचं रेटकार्ड वेगळं असतं आणि ते बदलत राहतं. कराचे दर मात्र खरे आहेत. तुमच्या सेलर ॲपमधल्या पेमेंट विभागातून सेटलमेंट रिपोर्ट डाउनलोड करा, शीट्समध्ये उघडा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे टाका.

एका कुर्तीचा हिशोब

गांधीनगरच्या किंवा सुरतच्या होलसेलरकडून कुर्ती २६० ला घेतली. त्यावर ५ टक्के जीएसटी १३ रुपये, म्हणजे तुमच्या खिशातून गेले २७३. (२२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी ही सीमा १००० रुपयांची होती.)

ॲपवर किंमत ठेवली ४९९, सगळं धरून. आता कापाकापी. कमिशन १० टक्के, म्हणजे ५० रुपये. फिक्स्ड फी १५. शिपिंग ६५. वर दिसावं म्हणून केलेल्या जाहिरातीचा खर्च एका ऑर्डरमागे २०. झाले १५०. या १५० वर १८ टक्के जीएसटी, २७ रुपये. एकूण १७७. पिशवी, टेप, लेबल मिळून ८ रुपये.

४९९ मधून १७७, २७३ आणि ८ वजा केले की उरतात ४१ रुपये.

मधल्या २३९ मधले ४१. आणि हे पार्सल ग्राहकाने ठेवून घेतलं तर. परत आलं तर काय होतं ते पुढे पाहू, कारण खरी गोची तिथेच आहे.

"झिरो कमिशन" म्हणजे झिरो फी नाही

मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांसाठी शून्य कमिशन आणलं. ॲमेझॉनने ७ एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांच्या आतल्या बऱ्याच वस्तूंवरची रेफरल फी काढून टाकली. लहान विक्रेत्याला याचा फायदा होतोच, नाकारायचं कारण नाही. पण कमिशन ही अनेक रकान्यांपैकी एका रकान्याची फी आहे. शिपिंग, क्लोजिंग फी, जाहिरात, रिटर्नचा चार्ज हे रकाने आपापल्या जागी असतात. वरच्या उदाहरणात कमिशन पूर्ण काढलं तरी जीएसटीसकट ५९ रुपयेच कमी होतात. उरलेले ११८ द्यावेच लागतात. म्हणून दोन ॲपची तुलना करताना कमिशनचा टक्का बघू नका. एकाच वस्तूची एकाच किंमतीला प्रत्यक्ष बँकेत किती रक्कम आली, तेवढं बघा.

शिपिंगमध्ये एक छुपा सापळा आहे. बहुतेक कुरिअरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त त्यावर पैसे लावतात. आकाराचं वजन असं निघतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. कुर्ती ३० बाय २५ बाय १० च्या खोक्यात घातली तर हे वजन होतं दीड किलो. तीच घडी दाबून पिशवीत घातली, उंची ३ सेंटिमीटर झाली, की ४५० ग्रॅम. कुर्ती तीच आहे, पण तुम्ही दीड किलोचे पैसे भरताय. छान दिसणारं खोकं ही रीसेलरची महागडी हौस आहे.

१८ टक्क्यांचा जीएसटी अडकतो कुठे?

"फीवर भरलेला जीएसटी परत मिळतो" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. अर्धं खरं आहे.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर ४९९ मधले २३ रुपये ७६ पैसे हा सरकारला द्यायचा कर आहे. त्यातून तुम्ही आधी भरलेला कर वजा होतो, त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. मालावरचे १३ आणि फीवरचे २७ मिळून तुमचं क्रेडिट झालं ४०. म्हणजे देणं २३.७६ आणि जमा ४०. सरकारला रोख काहीच द्यायचं नाही, उलट १६ रुपये २४ पैसे जास्तीचे जमा.

हे १६ रुपये बँकेत येतील असं वाटतं ना? येत नाहीत. ते पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरमध्ये पुढच्या महिन्यात ढकलले जातात. पुढच्या महिन्यातही तीच कुर्ती, तोच हिशोब, तेव्हा ढीग वाढत जातो. विकताना ५ टक्के आणि सेवा घेताना १८ टक्के, या फरकाचा परतावा नियमात बसत नाही. परताव्याच्या सूत्रात फक्त मालावरचं क्रेडिट धरतात, सेवांवरचं नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हा नियम कायम ठेवला. आणि तुमचा माल घेतानाही ५ टक्के, विकतानाही ५ टक्के, तेव्हा तोही रस्ता बंद.

मजा अशी, की कागदावर तुमचा नफा ५७ रुपये दिसतो आणि हातात ४१ असतात. मधले १६ लेजरमध्ये बसलेले. मार्जिन मोठं असणाऱ्याला हा त्रास होत नाही, कारण त्याचं देणं जास्त असतं आणि क्रेडिट त्यात संपून जातं. त्रास होतो तो कमी मार्जिनवाल्याला.

नोंदणी घ्यावी की नाही?

आधी नियम कडक होता. ॲपवर माल विकायचा तर उलाढाल एक रुपया असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट आली. तुमची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल (महाराष्ट्र आणि गोव्यात मालासाठी हीच मर्यादा) आणि तुम्ही फक्त आपल्याच राज्यात विकणार असाल, तर नोंदणीशिवाय चालतं. पॅन देऊन जीएसटी पोर्टलवरून एन्रोलमेंट नंबर घ्यायचा आणि तो ॲपला द्यायचा. एवढंच.

अट मात्र नीट वाचा: राज्याबाहेर विक्री चालत नाही. कोल्हापूरहून चंद्रपूरला पार्सल पाठवलं तर हरकत नाही. कोल्हापूरहून तासाभरावरच्या निपाणीला पाठवलं की ती आंतरराज्य विक्री झाली. ॲपवर नसाल, नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकत असाल तरी हाच पेच आहे. बेळगावच्या मावशीच्या मैत्रिणीने साडी मागवली, तुम्ही कुरिअर केली, की मालाच्या आंतरराज्य विक्रीसाठी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे, पण होलसेलमधून आणलेली कुर्ती त्यात बसत नाही.

मग नोंदणी नसलेल्याला तोटा होतो का? आपल्याच उदाहरणात करून बघा. त्याला ४९९ मधून कर द्यायचा नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. ४९९ वजा १७७ वजा २७३ वजा ८. उत्तर तेच, ४१. एवढ्या पातळ मार्जिनवर नोंदणी घेतल्याने हातात येणारी रक्कम वाढत नाही, फक्त बाजारपेठ एका राज्याची देशभराची होते. राज्यात पुरेसे गिऱ्हाईक असतील तर सुरुवातीला एन्रोलमेंटवर राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

कारण नोंदणी घेतली की कागदपत्रं मागे लागतात. विक्री शून्य असली तरी जीएसटीचं विवरणपत्र भरावं लागतं. विसरलात तर शून्य विक्रीच्या विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये लेट फी. दुकान "जरा बंद ठेवू" म्हणून ॲप डिलीट केलं आणि नोंदणी तशीच राहिली, असं अनेकांचं होतं. ॲप काढल्याने नोंदणी रद्द होत नाही, तिचा वेगळा अर्ज असतो.

टीसीएस आणि टीडीएस: कापलेले, पण तुमचेच

सेटलमेंटमध्ये आणखी दोन छोट्या कपाती दिसतात. लोक त्यांनाही फी समजतात. त्या फी नाहीत.

टीसीएस जीएसटीतला आहे. नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या निव्वळ करपात्र विक्रीवर ॲप तो कापतं. २०१८ पासून १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. आपल्या कुर्तीवर २ रुपये ३८ पैसे. हे पैसे जीएसटी पोर्टलवर तुमच्या रोख लेजरमध्ये येतात, पण आपोआप नाही. टीडीएस आणि टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन ते स्वीकारावे लागतात. कित्येक जण तिकडे फिरकतच नाहीत आणि पैसे तसेच पडून राहतात.

टीडीएस आयकरातला. १ ऑक्टोबर २०२० पासून १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. कुर्तीमागे अर्धा रुपया. तुम्ही व्यक्ती म्हणून विकत असाल, ॲपवरची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर कापत नाहीत. पॅन दिलेलं नसेल तर थेट ५ टक्के, म्हणजे कुर्तीमागे २५ रुपये. नफ्याचा अर्ध्याहून जास्त भाग एका न भरलेल्या रकान्यापायी गेला. कापलेली रक्कम आयकर विवरणपत्र भरून परत मागता येते, पण विवरणपत्र भरलं तरच.

इथे दुसरी भीती असते: "माझी विक्री १५ लाख झाली, आता टॅक्स लागणार!" विक्री म्हणजे उत्पन्न नाही. आयकर नफ्यावर लागतो. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण विभागाला दिसते ती विक्री. आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये ॲपने कळवलेले आकडे असतात, ते एकदा उघडून बघा. खर्चाची बिलं तुमच्याकडे नसतील तर नफा कमी होता हे दाखवायचं कसं? जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत काही दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त कॅश" अशा पाट्या लागल्या. घरचा आणि धंद्याचा क्यूआर एकच असेल तर मामाने पाठवलेले पैसे आणि साडीचे पैसे वेगळे काढणं पुढे तुम्हालाच जड जाईल. वेगळं खातं उघडा.

पार्सल परत आलं की

आता मघाची गोची. धरा, ग्राहकाने कुर्ती परत केली. कमिशन आणि जाण्याचं शिपिंग ॲपने माफ केलं, पण परतीचा चार्ज ८० लावला, जीएसटीसकट ९४ रुपये ४० पैसे. जाहिरातीचे २३ रुपये ६० पैसे आणि पॅकिंगचे ८ गेलेच. एका रिटर्नचा फटका १२६ रुपये.

दहापैकी दोन परत आल्या तर: आठ कुर्त्यांचे ३२८, दोन रिटर्नचे वजा २५२. उरले ७६, म्हणजे ऑर्डरमागे साडेसात रुपये. कर सल्लागार महिन्याला ५०० घेत असेल तर सहासष्ट ऑर्डर त्याच्याचसाठी पॅक केल्या.

चारातली एक परत आली तर तीन कुर्त्यांचे १२३ आणि रिटर्नचे १२६. तीन रुपये तोटा. आणि हे परत आलेली कुर्ती कोरी असेल तर. डाग घेऊन आली तर आणखी २७३.

कपड्यात साइज चुकल्यामुळे माल परत येतो, म्हणून फोटोइतकाच साइज चार्ट महत्त्वाचा. छातीचं माप इंचात, कापडाचं खरं नाव, दिवसाच्या उजेडातला रंग. फिल्टर लावलेला फोटो ऑर्डर आणतो आणि पार्सलही परत आणतो. कॅश ऑन डिलिव्हरीत दारातूनच माघारी फिरणारी पार्सलं वेगळी. ॲप त्यांचा चार्ज लावतं की नाही ते रेटकार्डमध्ये बघा, आणि स्वतः कुरिअर करत असाल तर पाठवण्याआधी एक फोन करून खात्री करा.

सेलमध्ये सामील व्हायचं का?

सणाच्या आधी ॲपवर सूचना येते: "१० टक्के सूट द्या, विक्री वाढवा." ४९९ ची कुर्ती ४४९ ला. किंमत ५० ने घटली, कमिशन आणि त्यावरचा कर मिळून ६ रुपये वाचले. नफा ४१ वरून वजा ३. एकही रिटर्न न येता. दुसरीकडे, किंमत ५४९ केली तर तोच नफा ८५ होतो. विक्री थोडी घटेल, पण निम्म्याहून थोड्याच कमी ऑर्डर आल्या तरी तेवढेच पैसे आणि पॅकिंगचं काम अर्धं. सेलच्या बटणावर बोट ठेवण्याआधी शीटमधल्या किंमतीच्या रकान्यात नवा आकडा टाकून शेवटचा रकाना बघा. वजा चिन्ह दिसलं तर सूचना बाजूला सरकवा.