डोळ्यांवरचा रंग : भरलेली पेटी नको, निवडलेली हवी

लग्नसराई जवळ आली की वस्तीतल्या मुली आयशॅडोची पेटी घ्यायला बाजारात निघतात. अठरा-वीस रंग, वर आरसा, सोबत ब्रश. दुकानातल्या दिव्याखाली पेटी मोठी देखणी दिसते. पण हीच पेटी वर्षभराने उघडून पाहावी. तपकिरी रंग संपून खालचा पत्रा दिसू लागलेला असतो आणि आकाशी, पोपटी, फिकट गुलाबी रंगांना बोटसुद्धा लागलेले नसते. पैसे मात्र सगळ्या रंगांचे दिलेले असतात.

वाचक भगिनींनो, यावर एक सोपा उपाय आहे. आयशॅडोचे रंग सुटेही मिळतात. पत्र्याच्या लहानशा बशीत दाबून बसवलेली ही रंगाची वडी असते, तिला ‘पॅन’ म्हणतात. तळाला चुंबक असलेली रिकामी पेटी घ्यायची आणि आपल्याला लागतील तेवढेच पॅन तिच्यात बसवायचे. कॅनडातील टोरांटो येथे १९८४ साली सुरू झालेली मॅक आणि पोलंडमधील इंग्लॉट या कंपन्यांमुळे ही पद्धत मेकअप करणाऱ्यांत रुळली. या कंपन्यांचा माल आपल्या खिशाला जड आहे. पद्धत मात्र कोणालाही उचलता येते.

हिशेब काय सांगतो?

आम्ही पडलो कारकून. आकडा मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. समजा, १८ रंगांची पेटी ९०० रुपयांना मिळाली आणि त्यातले ६ रंगच वापरात आले. म्हणजे वापरातला एक रंग १५० रुपयांना पडला. आता समजा, सुटा रंग २०० रुपयांना आणि रिकामी पेटी २५० रुपयांना मिळते. सहा रंगांचे १२०० आणि पेटीचे २५० मिळून १४५० रुपये झाले. पहिल्या वर्षी सुटे रंग महागच पडले, हे मान्य केले पाहिजे.

पण पुढे पाहा. पार्लरचे काम करणाऱ्या मुलीचे वर्षाला दोन रंग तरी संपतात. भरलेली पेटी असेल तर त्या दोन रंगांसाठी पुन्हा ९०० रुपये मोजावे लागतात. सुटे असतील तर ४०० रुपयांत भागते. दुसऱ्या वर्षाअखेर भरलेल्या पेटीचा खर्च १८०० आणि सुट्यांचा १८५० होतो, जवळजवळ बरोबरी. तिसऱ्या वर्षाअखेर एकीकडे २७०० आणि दुसरीकडे २२५०. चारशे पन्नास रुपये हातात राहिले. घरच्या घरी सणासमारंभापुरता वापर असेल तर मात्र सहाही रंग नकोत, तीन-चार पुरे.

दोष रंगाचा, शिक्षा मुलीला

पैशांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. फिकट छटांत टाल्क, टायटॅनियम डायऑक्साइड अशी पांढरी द्रव्ये जास्त असतात. सावळ्या पापणीवर असा रंग राख फासल्यासारखा दिसतो. मग मुलगी म्हणते, “मी काळी आहे, मला मेकअप शोभतच नाही.” दोष मिश्रणाचा आणि शिक्षा मुलीच्या मनाला! गोरेपणा विकणाऱ्यांनी या देशात पिढ्यांच्या मनात न्यूनगंड पेरला. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडले. तेव्हा आपल्या मुलींनी स्वतःच्या कातडीला बोल लावण्याआधी पेटीतला रंग तपासावा. सावळ्या वर्णावर तांबूस, सोनेरी आणि गडद रंग जसे खुलतात, तसे ते गोऱ्या वर्णावरही खुलत नाहीत.

कोणते रंग घ्यावेत?

पहिला, आपल्या पापणीच्या रंगाशी मिळताजुळता, चमक नसलेला. तो पापणी एकसारखी करतो. दुसरा, त्याहून दोन पायऱ्या गडद असा उबदार तपकिरी. पापणीची घडी पडते तेथे तो लागतो आणि सर्वांत आधी संपतो. तिसरा, काळपट तपकिरी, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला आणि पापणीच्या केसांलगत. तो ओल्या बारीक ब्रशने लावला तर आयलायनरचेही काम करतो. चौथा, तांब्यासारखा किंवा जुन्या सोन्यासारखा चमकदार. पाचवा, गडद जांभळट मरून. सहावा आपल्या आवडीचा, मोरपंखी किंवा बाटलीसारखा हिरवा.

आपल्याकडे मंगल परिणयाला नवरी पांढरी साडी नेसते. पांढऱ्यावर फिकट गुलाबी किंवा चंदेरी रंगाने चेहरा निस्तेज दिसण्याचा धोका असतो. तेथे दुसरा, तिसरा आणि चौथा रंग पुरेसे आहेत. स्वागत समारंभाला निळी किंवा जांभळी साडी असेल तर पाचवा किंवा सहावा काढावा.

पारख कशी करावी?

दुकानातील नमुना थेट डोळ्याला लावू नका. त्याला अनेकांची बोटे लागलेली असतात. मनगटाच्या आतल्या बाजूला बोटाने एकच पट्टा ओढा आणि दाराबाहेर उजेडात येऊन पाहा. ट्यूबलाइटखाली रंग वेगळाच भासतो. एका पट्ट्यात रंग दिसला आणि खडूसारखी भुकटी उडाली नाही तर तो बरा समजावा.

पेटी घेताना पॅनचे माप विचारा. गोल पॅन बहुधा २६ मिलिमीटरचे असतात, पण मोठे आणि चौकोनीही मिळतात. लोखंडी पत्रा चुंबकाला चिकटतो, अॅल्युमिनियमचा चिकटत नाही. लहानसे चुंबक सोबत नेले तर तेथेच खात्री होते.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत पाहा. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. सौंदर्यप्रसाधनांत वापरायच्या रंगांत शिसे दशलक्ष भागांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक नसावे, अशी मर्यादा आपल्याकडे घातलेली आहे. विनानावाच्या मालाची अशी हमी कोण देणार? काही भडक गुलाबी-जांभळ्या रंगांवर ‘डोळ्यांभोवती वापरू नये’ असे बारीक अक्षरात छापलेले असते, तेही वाचावे. शाळेच्या हस्तकलेतली चमकी डोळ्यांजवळ कधीच नेऊ नये. तिचा कण बुबुळाला ओरखडा पाडू शकतो.

सुट्या पॅनचे खोके फेकले की सारी माहिती जाते. म्हणून पॅनच्या पाठीला चिठ्ठी चिकटवून रंगाचा क्रमांक, मुदत आणि उघडल्याची तारीख लिहा. वेष्टनावर उघड्या डबीचे चित्र आणि ‘१२ एम’ या अर्थाची खूण असेल तर उघडल्यावर बारा महिन्यांत वापरावे, असा अर्थ होतो.

पार्लरचे काम करणाऱ्यांनी ब्रश प्रत्येकीसाठी धुतलेला घ्यावा. जिचे डोळे आले असतील तिच्या डोळ्यांना मेकअप करू नये, मग ऑर्डर कितीही मोठी असो. तिच्यापासून दहा जणींचे डोळे येतील आणि नाव तुमचे खराब होईल.

चमक येते कोठून?

आयशॅडोतील चमक बहुतांशी अभ्रकाची असते. झारखंडमधील कोडरमा-गिरिडीह भाग अभ्रकासाठी प्रसिद्ध. तेथील बेकायदा खाणींत लहान मुले राबतात आणि दबून मरतात, हे २०१६ साली पत्रकारांनी जगापुढे आणले. २०१७ साली कंपन्यांनी आणि संस्थांनी मिळून यासाठी ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संघटना उभारली. आपणही श्रमणारी माणसे आहोत. न वापरता फेकल्या जाणाऱ्या बारा रंगांतही कोणा लेकराचे श्रम असू शकतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

शेवटी एक सांगणे. सगळे रंग एका दिवशी घ्यायचे नाहीत. आधी रिकामी पेटी आणि दोन तपकिरी रंग घ्या. पहिल्या ऑर्डरचे पैसे आले की तांब्याचा रंग, दुसरीचे आले की मरून. उसनवारी नाही, व्याज नाही. प्रत्येक रंगाची खरेदी वहीत मांडून ठेवा. वर्षाअखेर ती वहीच सांगेल, कोणता रंग पुन्हा घ्यायचा आणि कोणत्याच्या वाटेला जायचे नाही.