गुणसूत्रांची टोके आणि वयाचा हिशेब

'रक्त तपासून तुमचे खरे वय सांगू' अशा जाहिराती आता दिसू लागल्या आहेत. त्यात मोजले जातात ते टेलोमियर. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे शेकडो-हजारो वेळा लागोपाठ येतात. दोराचे पीळ सुटू नयेत म्हणून टोक बांधावे, तसे हे टोपण. माणसात पेशी विभागताना ते थोडे थोडे झिजते. म्हणून ते वयाचे घड्याळ ठरले.

हेच घड्याळ उंदराला लावून पाहा. जन्मतः माणसाचे टेलोमियर साधारण 10 ते 15 हजार अक्षरांचे, प्रयोगशाळेतल्या अनेक उंदरांचे 50 हजारांच्या पुढे. आयुष्य मात्र जेमतेम दोन-तीन वर्षे! 2007 मध्ये अमेरिकी संशोधकांनी कुरतडणाऱ्या 15 प्राण्यांची तुलना केली. टेलोमियर वाढवणारे टेलोमरेज लहान प्राण्यांत शरीरभर सक्रिय, तर मोठ्यांत बरेचसे बंद आढळले. संबंध आयुर्मानाशी नव्हे, वजनाशी निघाला. मोठ्या देहात पेशी जास्त, कर्करोगाचा धोकाही जास्त. त्यावरचा हा लगाम असावा.

स्पेन-पोर्तुगालमधल्या चिचुंद्रीच्या एका भाईबंदाने तर कमालच केली आहे. त्याच्या बहुतेक गुणसूत्रांच्या एका टोकाचे टेलोमियर सरासरी 2 लाखांहून अधिक अक्षरांचे, दुसऱ्या टोकाचे जेमतेम 4 हजारांचे. अशा प्राण्याचे 'वय' कोणत्या टोकावरून काढायचे?

टोपणाचे मुख्य काम वेगळेच आहे: गुणसूत्रे एकमेकांना चिकटू न देणे. घरातल्या उंदराची गुणसूत्रे 40. एका बाजूचे टोपण तुटले, की दोन गुणसूत्रे तिथे जुळून एक होऊ शकतात. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर हे इतक्यांदा घडले, की काही उंदरांत 22 च गुणसूत्रे उरली. त्या लहानशा बेटावर उंदरांचे असे सहा वंश आहेत. बेटावर माणसाबरोबर उंदीर आले, त्याला हजारएक वर्षेच झाली असावीत. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ किरकोळ. जनुके जवळपास तीच, फक्त गाठोडी कमी. पण वेगवेगळ्या जुळण्यांच्या उंदरांचा संकर झाला, तर बीजपेशी बनताना वाटणी चुकते आणि प्रजननक्षमता घटते.

अशी जोडणी माणसातही, साधारण हजारात एकाच्या पेशींत सापडते. ती व्यक्ती सहसा ठणठणीत असते; अडचण संततीच्या वेळी येते. वारंवार गर्भपात झाल्यास डॉक्टर पती-पत्नी दोघांचीही गुणसूत्र तपासणी सुचवतात, ती अशी जोडणी आणि गुणसूत्रांतील इतर अदलाबदली शोधण्यासाठी. पैसे खर्चायचेच, तर त्या तपासणीवर खर्चावेत.