माश्यांचा आकाशपाळणा

फ्लाय फिशिंगचा नाद लागलाय? मग टेबलावर फिरणारा हा चिमुकला पाळणा घरच्या घरी बनवा. खर्च? फार तर दोघांच्या एका मल्टिप्लेक्सवारीइतका!

मी माशीने मासे पकडतो, असं सांगितलं की ऑफिसातली मंडळी आधी हसतात. मग हळूच विचारतात, ‘खरी माशी?’ नाही हो! गळावर दोरा, कोंबड्याचं पीस आणि थोडी चमकी बांधून केलेली नकली माशी, म्हणजेच फ्लाय. काही फ्लाय किड्यासारख्या दिसतात, काही इवल्याशा माशासारख्या. १९०९ मध्ये ब्रिटिशांनी कुल्लूच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट आणून सोडले. आज हिमाचलच्या तीर्थन नदीत परवाना काढून त्यांच्या मागे लागता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र बंदी. पुण्यात बसून फ्लाय बांधायचे माझे दिवस हेच!

तिरकं डोकं, तिरकी चाल

माशासारख्या फ्लायच्या डोक्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर देतात. त्याने चिकटवलेले डोळे पडत नाहीत, दोरा सुटत नाही आणि डोकं खऱ्या माशासारखं चमकतं. पण इपॉक्सी सेट होईपर्यंत मधासारखं ओघळत असतं. फ्लाय नुसती ठेवून दिली, तर सगळा थेंब खालच्या बाजूला जमतो. मग ती पाण्यात कलंडून पोहते. चार दिवसांची रजा वर्षभर साठवून जायचं आणि ट्राउटने तोंड फिरवायचं, हे कोणाला परवडेल?

उपाय सोपा आहे. फ्लाय सतत फिरवत ठेवायची. ‘खाली’ ही बाजूच बदलत राहिली, तर थेंब जमणार कुठे? पण बारा फ्लाय हातात धरून फिरवणार कोण?

इथे बाबा मदतीला आले. पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेला हा माणूस. रिटायर झाल्यापासून आमचं बोलणं ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ एवढ्यावर आलं होतं. मी कागदावर काढलेली आडवी चकती त्यांनी पाहिली. म्हणाले, ‘अरे, मेरी-गो-राउंड नको, आकाशपाळणा कर. मेरी-गो-राउंडवर बसलेल्याचे पाय कायम खालीच असतात.’

संपलं! सगळं इंजिनीअरिंग या एका वाक्यात आलं. आस जमिनीला समांतर हवा, चकती उभी हवी.

काय काय लागेल?

• १२ व्होल्टची, १० आरपीएमची गिअर मोटर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा.
• १२ व्होल्टचा अॅडॉप्टर. मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटरही चालते, पण ती बहुधा थेट घरच्या २३० व्होल्टवर असते. आणि तिच्यासाठी जुना मायक्रोवेव्ह तर मुळीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातला कपॅसिटर जबर शॉक देऊ शकतो.
• जुनी रबरी चप्पल. हो, चप्पलच!
• प्लायवूडचे दोन तुकडे, लाकडाचा छोटा ठोकळा, क्लॅम्प, स्क्रू.

जोडणी

प्लायचे तुकडे काटकोनात जोडा आणि उभ्या तुकड्यावर मोटर क्लॅम्पने आवळा. शाफ्ट साधारण ६ मिमीचा असतो. ठोकळ्याला तेवढंच भोक पाडून तो शाफ्टवर बसवा. शाफ्टची एक बाजू सपाट असेल, तर बाजूने घातलेला स्क्रू तिथेच टेकवा, म्हणजे ठोकळा घसरणार नाही. चपलेच्या तळव्यातून ८-९ सेंटिमीटरची चकती कापून ठोकळ्यावर चिकटवा. कडेजवळ, दर्शनी बाजूला, ब्लेडने बारा चिरा पाडा. प्रत्येक चिरेत गळाचा बाक अडकवा, फ्लायचं डोकं तुमच्याकडे.

फ्लाय समोरासमोर लावा. जत्रेतला पाळणेवाला दोन्हीकडे माणसं बसवतो ना, तसं! वजन सारखं वाटलं, की चकती झटके देत नाही.

दहा आरपीएम म्हणजे सहा सेकंदांत एक फेरी. यापेक्षा हळू चालेल, पण साठच्या वेगाला इपॉक्सी बाहेरच्या बाजूला सरकू लागतं. पाच मिनिटांचं इपॉक्सी सारख्या प्रमाणात कालवा, एका वेळी तीन-चार फ्लायना पुरेल एवढंच. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. अर्धा तास फिरू द्या. पूर्ण कडक व्हायला मात्र एक दिवस लागतो.

आता कोणी म्हणेल, यूव्ही रेझिन टॉर्चखाली काही सेकंदांत सुकतं, मग हा खटाटोप कशाला? एक-दोन फ्लायसाठी टॉर्चच बरा. पण डझनभर फ्लायना जाड थर द्यायचा, तर पाळण्याला तोड नाही.

शिवाय टॉर्च अर्धा तास गप्पा मारायला देत नाही. चकती फिरत असते, बाबा चष्मा पुसून जवळून बघतात आणि कारखान्यातल्या लेथचे किस्से सांगतात. तुमच्याही घरात असे एक फिटर, टर्नर किंवा वायरमन बाबा, काका, मामा असतीलच. मोटर आणायला जाताना त्यांना सोबत घ्या. आणि चप्पल नक्की जुनीच आहे ना, ते आधी विचारा!